थेंबांची रांग

आमची वहिनी पोहण्याच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवते, तिथे तिला सगळे मॅडम म्हणतात, आणि खरं सांगायचं तर ती घरीही मॅडमच असते. दार लावायला सांगितलं तरी शिट्टी वाजल्यासारखं वाटतं. दादा तिचा नवरा, त्याला सवय झाली आहे. मी तिची नणंद, मला सवय करून घ्यायची मुळीच इच्छा नाही. ती मला वन्सं म्हणते. नवी नवरी होती तेव्हा थट्टेने म्हणायला लागली, ते चिकटलं ते चिकटलंच. आता थट्टा उरली नाही, वन्सं तेवढं उरलं आहे.

पोहण्याच्या तलावावर मी तिकिटाच्या खिडकीत बसते. ही नोकरी वहिनीने लावून दिली, हे ती मला विसरू देत नाही. खिडकीला दोन्ही बाजूंनी काच आहे. एका बाजूने रस्ता दिसतो, दुसऱ्या बाजूने अख्खा तलाव. त्यामुळे पुढचं जे सांगते आहे ते ऐकीव नाही, डोळ्यांनी बघितलेलं आहे. कोणाला खोटं वाटत असेल तर त्याने खुशाल खिडकीत बसून बघावं, मला तेवढाच आराम.

तर वहिनीची थेंबांची रांग. सकाळची बॅच संपली की मुलं पाण्यातून निघायची आणि शॉवरच्या भिंतीला लागून ओळीने उभी राहायची, मान एका खांद्यावर टाकून. वहिनी हातात बाटली घेऊन यायची. बाटली प्लास्टिकची, लांब चोचीची, शिवणयंत्राला तेल घालायची असते ना, तशी. चोच कानात, दाब, "डावा!" चोच दुसऱ्या कानात, दाब, "उजवा!" मग "पुढचा!" एक कान सुटायचा नाही. एखाद्याला घाईची लागली असली तरी आधी थेंब, मग बाकीचं.

आता हे थेंब वहिनीने काही स्वप्नात पाहिले नव्हते. पोहायला शिकवणाऱ्यांच्या एका शिबिराला गेली होती, तिथे कोणीतरी शहाण्या माणसाने सांगितलं होतं की पोहून झाल्यावर कानात पाणी साचून राहतं, त्यात जंतू वाढतात, म्हणून व्हिनेगर आणि स्पिरिट मिसळून दोन थेंब घातले की कान कोरडा होतो. गोष्ट खरी होती. वहिनीनेही आल्या आल्या तसंच औषध बनवलं. पहिल्याच दिवशी छोट्या बॅचने असा गळा काढला की रस्त्यावरची माणसं थांबून माझ्या खिडकीत डोकवायला लागली. स्पिरिट झोंबतं हो, झोंबणारच ते.

वहिनी पाण्याला घाबरत नाही, पंचांना घाबरत नाही, दादाला तर नाहीच नाही. ती घाबरते फक्त मुलांच्या आयांना. दुसऱ्या दिवशी आयांचा घोळका आला आणि वहिनीने बाटलीत थोडं उकळलेलं पाणी घातलं. तरी एक-दोघं रडली, मग आणखी थोडं घातलं. मग कोणीतरी म्हणालं वास येतो, म्हणून गुलाबपाणी घातलं. बाटली अर्धी झाली की वर पाणी, पाणी झालं की वर गुलाबपाणी. ती कधी रिकामी झाली नाही आणि कधी धुतली गेली नाही. मुलं रडायची बंद झाली. सगळ्या आया खूश झाल्या. माझ्याही मनात काही आलं नाही, मी तिकिटं फाडत होते.

मग मुलांचे कान दुखायला लागले. आधी छोट्या बॅचमधला एक गोलमटोल मुलगा. वहिनी म्हणाली, "थेंब चुकवले असतील त्याने." मग त्याच्या मागे उभी राहणारी मुलगी. मग तिच्या मागचा. वहिनीने ताबडतोब उपाय केला, दोन थेंबांऐवजी चार. त्या आठवड्यात आणखी काही जण डोक्याला रुमाल बांधून आले, तेव्हा चारचे सहा झाले. एवढा उपाय करूनही दुखणं हटत नाही म्हणजे दुखणं किती जबरदस्त असेल, असं म्हणत सगळ्यांनी वहिनीचं आणखी कौतुक केलं.

ही बातमी अध्यक्षांपर्यंत पोचली. अध्यक्ष म्हणजे तलावाच्या समितीचे. त्यांचं फर्निचरचं दुकान आहे, आणि तलावाच्या पाण्याशी त्यांचा संबंध पाय धुवायच्या खळग्यापुरता, तोही ते लांब ढांग टाकून ओलांडतात. त्यांना कुठल्याही गोष्टीची मोहीम करायची भारी हौस. गेल्या वर्षी टोपी मोहीम झाली होती, त्याच्या आधी चप्पल मोहीम. आता कान-रक्षा मोहीम निघाली. 'थेंब घ्या, निर्धास्त पोहा' असा हा एवढा मोठा बोर्ड लागला. दादाचं बोर्ड रंगवायचं दुकान, त्यामुळे तो बोर्ड आमच्याच घरी वाळला आणि चार दिवस आम्ही त्याच्याखालून वाकून मोरीत जात होतो. अध्यक्षांच्या नातवाच्या कानात वहिनी थेंब घालते आहे असा फोटो पेपरात आला. नातू फोटोत हसतोय. तो कधी पाण्यात उतरलेला नाही, त्याला हसायला काय जातंय!

दुसऱ्या तलावांवरून फोन यायला लागले, औषध कसं बनवता म्हणून. वहिनी सांगायची, "प्रमाणाला महत्त्व आहे." आणि प्रमाण विचारलं की म्हणायची, "ते हाताला कळतं."

आता आमच्या बेडकीबद्दल सांगते, कारण खरं दुखणं तिचं आहे.

बेडकी म्हणजे माझी भाची, दादा-वहिनीची मुलगी. चालायला लागायच्या आधी पाण्यात पाय मारायला लागली, म्हणून मी तिला बेडकी म्हणते, आणि मीच म्हणू शकते, दुसऱ्या कोणी म्हटलं तर फाडून खाईन. आठवी संपत आली आहे तिची. पाठीवर पोहते, आणि अशी पोहते की बघणाऱ्याला वाटावं झोपून चालली आहे. रविवारी निवड चाचणी होती. त्यात निवड झाली की मोठ्या शिबिराला जायचं. वहिनी स्वतः मुलगी असताना त्या शिबिराच्या उंबऱ्यावरून परत आली होती, थोडक्यात हुकलं तिचं. तेव्हापासून त्या शिबिराचं नाव घरात निघालं की ती उभी राहून बोलते. त्यामुळे त्या रविवारी पाण्यात बेडकी उतरणार असली तरी पोहणार दोघी होत्या, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

चाचणीच्या आधीच्या सोमवारी चहाच्या वेळी बेडकी म्हणाली, "आई, कान दुखतोय."

"दोनदा उभी राहा रांगेत," वहिनी म्हणाली.

मंगळवारी बेडकीने पावाचा तुकडा तोंडात घातला आणि तसाच हातावर काढून ठेवला. चावताना कळ येत होती. "आई, खूप दुखतोय गं."

"चाचणी जवळ आली की तुझं काही ना काही दुखतंच. मागच्या वेळी पोट होतं. नाटक पुरे."

मागच्या वेळी पोट होतं हे खरं. तेरा वर्षांच्या पोरीच्या पोटात परीक्षेआधी गोळा येतो, त्याला काय नाटक म्हणायचं? मला दर पहिल्या तारखेला साहेब गल्ला तपासायला आले की येतो, मी बाई चांगली घोडी झाले तरी. मी दादाकडे पाहिलं. दादा पेपर वाचत होता. दादाला काही ऐकायचं नसलं की तो पेपर इतक्या जवळ धरतो की शाई नाकाला लागावी.

वहिनी गेल्यावर मी बेडकीला म्हटलं, "ये, लसूण घालून तेल कोमट करून घालते कानात."

ती दोन्ही हात कानावर ठेवून मागे सरकली. "आत्या, पाया पडते, आता कोणीच माझ्या कानात काही घालू नका!"

मला असं लागलं ना ते. तेलाची वाटी तिथेच ठेवून दिली.

बुधवारी सराव चालू होता. मी खिडकीतून बघत होते. बेडकी अर्ध्या अंतरात थांबली, दोरीला लोंबकळली आणि एका हाताने कान दाबून धरला. वहिनीने शिट्टी मारली. बेडकी हलली नाही. वहिनीने परत शिट्टी मारली, अशी की माझ्या गल्ल्यातली नाणी थरथरली. बेडकीने पाय मारायचा प्रयत्न केला आणि मग पाण्यात तोंड घालून रडायला लागली. पाण्यात रडलेलं दिसत नाही असं पोरांना वाटतं. दिसतं हो. खांद्यांवरून दिसतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खिडकीवर 'येतेच' ही पाटी लटकवली, चपला घालून तशीच आत गेले, पोरीला बाहेर ओढलं, टॉवेलात गुंडाळलं आणि निघाले. मागून वहिनी ओरडत होती, "वन्सं! वन्सं, सराव चालू आहे!" मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थांबले असते, तेवढी तिची जरब आहे, उगाच कशाला खोटं बोलू.

रस्त्याच्या पलीकडे औषधाच्या दुकानावर कानाच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. बाई अंगाने काडी, पण बोलायला सुरी. त्यांनी बेडकीच्या कानाच्या तोंडाशी जो छोटा उंचवटा असतो ना, त्यावर नुसतं बोट टेकवलं, तर पोरगी खुर्चीतून उडाली.

"पडद्याच्या मागचं असतं तर इथे बोट लावून एवढं दुखलं नसतं," बाई म्हणाल्या. "हा कानाच्या नळीचा संसर्ग आहे. पोहणाऱ्यांना होतोच. नळी सुजून जवळजवळ बंद झाली आहे. किती दिवस दुखतोय?"

"आठवडा झाला," बेडकी म्हणाली.

मी तिच्याकडे बघत राहिले. सोमवारी बोलली होती, म्हणजे त्याआधीचे दिवस तिने गिळले होते.

बाईंनी बारीक नळीने आतली घाण ओढून घेतली. औषधात भिजवलेली कापडाची बारीक वात कानात सरकवली, म्हणजे सुजलेल्या नळीतही औषध आतपर्यंत पोचतं. वर थेंब लिहून दिले, दुखण्याची गोळी दिली. "दहा दिवस पाण्यात जायचं नाही. डोक्यावरून अंघोळ नाही. अंग धुताना कापसाला व्हॅसलीन लावून कानाच्या तोंडाशी ठेवायचा."

"रविवारी चाचणी आहे हो तिची," मी म्हटलं.

"चाचणी परत येते. दुर्लक्ष केलंत तर हे हाडापर्यंत जातं. मग काय करणार?" आणि लगेच, "कानात काय घालता तुम्ही लोक? काड्या? पिना? किल्ल्या?"

"काही नाही," बेडकी म्हणाली. "फक्त आईचे थेंब."

बाईंनी भुवया वर केल्या. "ते थेंब मला बघायचे आहेत."

घरी काय झालं ते सांगत नाही. म्हणजे सांगते. वहिनीने मला घरभेदी म्हटलं. मी तिला म्हटलं, पोरगी तुझी आहे की बाटली तुझी आहे ते एकदा ठरव. दादाने पेपर खाली ठेवला, जे गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं, पण एकदा माझ्याकडे, एकदा वहिनीकडे बघून त्याने परत उचलला. बेडकी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

दुसऱ्या दिवशी वहिनी डॉक्टरीणबाईंशी भांडायला निघाली. पिशवीत पुरावे घेतले होते, एक बाटली आणि एक पेपरातलं कात्रण. मीही सोबत गेले. तिला आधार द्यायला गेले असं मी तलावावर सांगितलं, खरं म्हणजे मला मजा बघायची होती.

"दहा दिवस कशाला?" वहिनीने बसायच्या आधीच सुरुवात केली. "टोपी घालून, कापूस घालून एकदा पाण्यात उतरली तर काय बिघडतं? आणि आमच्याकडे कानांची जेवढी काळजी घेतात तेवढी कुठे घेत नाहीत. हे बघा." कात्रण टेबलावर ठेवलं.

बाईंनी कात्रणाकडे पाहिलंसुद्धा नाही. "यात काय आहे?" त्यांनी बाटली दाखवून विचारलं.

"व्हिनेगर आणि स्पिरिट."

बाईंनी झाकण काढून वास घेतला. "गुलाबाचा वास येतोय."

"थोडं गुलाबपाणी आहे. आणि मुलांना झोंबायचं म्हणून जरासं पाणी."

"जरासं?"

वहिनीने कात्रण बाईंच्या आणखी जवळ सरकवलं.

"मूळ औषध चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "पडद्याला भोक नसेल, कान आधीच दुखत नसेल, तर आम्हीच सांगतो घालायला. पण ते झोंबतं म्हणून तर काम करतं. तुम्ही ते काढून घेतलंत, उरलं पाणी. आणि ही चोच एका कानातून काढून दुसऱ्या कानात घालता? पुसता तरी का?"

"एवढी मुलं असतात..."

"म्हणजे एका मुलाच्या कानातलं दुसऱ्याच्या कानात. रांगेने. शिस्तीत." बाईंनी बाटली परत वहिनीच्या हातात दिली. "बरं, तुमच्या स्वतःच्या कानात घाला बघू दोन थेंब. तुम्ही पण पाण्यात उतरता ना?"

वहिनीने ताठ मानेने बाटली उचलली. घालणारच होती, मी ओळखते तिला. पण खुर्चीच्या बाजूला बाईंचा तो तपासायचा दिवा चालू होता, आणि बाटली त्याच्यासमोरून वर जाताना चोच उजेडात आली. तिच्या टोकाला पिवळसर किटण साचलं होतं, आणि आत बारीक काळे ठिपके, भिंतीला ओल आल्यावर येतात तसे. वहिनीचा हात कानापाशी थांबला. मग खाली आला. मला मजा बघायची होती ना? काही मजा आली नाही हो. तिचा चेहरा असा पडला की मला तिची पाठ थोपटावीशी वाटली, पण आमच्यात तशी रीत नाही.

बाईंचा आवाज जरा मऊ झाला. पोहून आल्यावर मान एकेका बाजूला झुकवून पाणी गळू द्या, म्हणाल्या, टॉवेलच्या टोकाने बाहेरून टिपा, फार तर केस वाळवायचं यंत्र हातभर लांब धरून गार हवेवर फिरवा. आत काडी घालून कोरू नका, कानातला मळ तिथे राखणीला असतो. थेंब वापरायचेच तर ज्याची त्याची बाटली, आणि चोच कानाला लावायची नाही. वहिनीने मान हलवत सगळं ऐकून घेतलं, इतक्या शहाण्यासारखं की मलाच कसंतरी झालं.

दवाखान्याच्या जिन्यात तिने बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकली. शिबिराचं नाव तिने त्या दिवशी काढलं नाही. घरी आल्यावर बेडकीचं औषध तिने माझ्या हातातून काढून घेतलं आणि तेव्हापासून घड्याळ लावून स्वतः घालायला लागली. घालायची, कापूस ठेवायची, उठून जायची.

शनिवारी तिने पालकांची सभा बोलावली. हे मात्र तिचं मानलं पाहिजे. अध्यक्ष बाजूला बसलेले, बोर्ड मागे लटकलेला, आणि ही उभी राहून सरळ म्हणाली, "मुलांचे कान माझ्या थेंबांनी बिघडले. चूक माझी आहे. उद्यापासून थेंब बंद. सगळ्यांनी मुलांचे कान तपासून घ्या."

मला वाटलं आता हिला फाडून खातील. तशी तयारी ठेवून मी दाराजवळ उभी होते.

"बंद म्हणजे?" एक आई उठली. "आमच्या पिल्लाला त्या थेंबांनीच तर गुण आहे!"

"काय गुण आहे?" वहिनीने विचारलं.

"कान दुखायचा थांबतो थोडा वेळ."

एक वकीलसाहेब आहेत, त्यांचा मुलगा आमचा सगळ्यात जलद पोहणारा. ते उठले आणि कोर्टात उभे असल्यासारखे बोलायला लागले. "मॅडम, चाचणीच्या आदल्या दिवशी अचानक थेंब बंद? आणि तुमच्या मुलीला म्हणे खास डॉक्टरांचे, वेगळे थेंब चालू आहेत. तिची स्वतंत्र बाटली आहे. खरं की खोटं?"

"खरं आहे. पण ती उद्या पोहतच नाहीये!"

"तो तुमचा घरचा प्रश्न. आमच्या मुलांचे थेंब आमच्या मुलांना मिळालेच पाहिजेत."

टाळ्या पडल्या. देवा रे! मी आयुष्यात रांग मोडणारी माणसं खूप पाहिली, दुखणं मिळावं म्हणून रांगेचा हक्क मागणारी पहिल्यांदाच पाहत होते.

अध्यक्षांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना शांत केलं. "मोहीम मध्येच थांबवता येत नाही. बोर्ड लागलेला आहे. पेपरात छापून आलेलं आहे. शेजारच्या तलावांनी आपलं अनुकरण केलेलं आहे."

"आणि मुलांचे कान?" वहिनी ओरडली.

"कानांचं चाचणीनंतर बघू. मॅडम थकलेल्या दिसतात. उद्या थेंब मी स्वतः घालीन."

त्यांनी संध्याकाळी नवी बाटली आणली, पहिलीच्या दुप्पट. स्पिरिट आणि व्हिनेगर मुळातच घातलं नाही, तक्रार नको म्हणून. नुसतं पाणी आणि गुलाबपाणी, वर मोहिमेची चिठ्ठी.

रविवारी तलावावर ही गर्दी. तिकीट नव्हतं, म्हणून मी बेडकीला घेऊन पायऱ्यांवर बसले होते. तिच्या कानात कापूस, अंगावर शाळेचा ड्रेस. तिच्या पोहायच्या पट्ट्यात दुसरी कोणीतरी मुलगी पाठीवर पाय मारत होती. बेडकी तिकडे बघत नव्हती, बघत नाही असं दाखवत होती. वहिनी खाली, गळ्यात शिट्टी.

चाचणीआधी अंग मोकळं करायचं पोहणं झालं. मुलं सवयीने शॉवरच्या भिंतीला जाऊन उभी राहिली, माना खांद्यावर. अध्यक्ष बाटली घेऊन पुढे झाले, फोटोवाला बाजूला. रांगेत सगळ्यात पुढे छोट्या बॅचमधली एक चिमुरडी होती, गुलाबी टोपीवाली. चोच जवळ आली तशी तिने दोन्ही हातांनी कान झाकले.

"हात काढ गं!" तिची आई पायऱ्यांवरून ओरडली.

"शूर मुलं घाबरत नाहीत," अध्यक्ष हसत म्हणाले, फोटोवाल्याकडे बघत.

वहिनी मध्ये आली. ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली, त्या पोरीच्या उंचीला आली, आणि असा आवाज काढला तिने, जो मी या घरात कधी ऐकला नव्हता. "दुखतोय का कान?"

पोरीने आईकडे पाहिलं. अध्यक्षांकडे पाहिलं. मग हो म्हणून मान हलवली.

"कोणता?"

तिने डाव्या कानावरचा हात काढून दाखवला. "हा. जेवताना पण दुखतो."

"बरं झालं सांगितलंस. इथे बस, पाण्यात जायचं नाही आता." वहिनीने तिची टोपी काढून केस पुसले.

मागचा मुलगा रांगेतून अर्धं पाऊल बाहेर आला. "मॅडम, माझा पण."

"कधीपासून?"

"सहलीच्या आधीपासून."

"अरे, मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही नाटक म्हणाला असता."

वहिनीने ओठ चावले. त्याला हाताला धरून बाजूला बसवलं. मग तिसरी आली. मग दोघं एकदम. कोणी डावा दाखवतंय, कोणी उजवा, कोणी दोन्ही. वकीलसाहेबांचा मुलगा पहिल्यांदा तसाच उभा राहिला, मान खांद्यावर, आणि मग तोही आला आणि म्हणाला, "मॅडम, मला या बाजूने नीट ऐकूच येत नाहीये." वकीलसाहेब बुटांसकट धावत खाली आले. भिंतीजवळची रांग वहिनीसमोर सरकली, आणि भिंतीजवळ उरले फक्त अध्यक्ष. एवढी मोठी बाटली हातात आणि घालायला एक कान नाही. फोटोवाल्याला काय करावं कळेना, त्याने बोर्डाचा फोटो काढला.

पंचांनी येऊन विचारलं, तुमचे पोहणारे तयार आहेत का. वहिनी म्हणाली, "आमचे जवळजवळ कोणीच पोहणार नाहीत आज." आया चिडल्या, एक-दोघी रडल्या, एकीने वहिनीला नाही नाही ते ऐकवलं. वहिनीने ते ऐकलंही नसेल. ती एकेकाला विचारत होती आणि पोरं सांगत होती, आणि एकदा सांगायला लागलेली पोरं थांबत नव्हती.

मी वळून पाहिलं तर बेडकी शेजारी नव्हती. शाळेच्या ड्रेसमध्ये, कानात कापूस, ती खाली त्या रांगेत सगळ्यात शेवटी उभी होती.

तिचा नंबर आला तेव्हा वहिनी गोंधळली. "तू कशाला गं? तुझं औषध चालू आहे ना?"

"हो."

"मग?"

"तू सगळ्यांना विचारलंस. मला नाही विचारलंस."

वहिनी गुडघ्यांवरच होती. तिने पोरीचे दोन्ही हात हातात घेतले. शिट्टी मध्ये आली म्हणून गळ्यातून काढून फरशीवर ठेवली.

"कोणता कान दुखतोय, बाळा?"

"उजवा."

"खूप दुखतोय?"

"आता नाही," बेडकी म्हणाली. "तेव्हा खूप दुखत होता."